डीव्हीडीतून गाणी काढताना येणारी तीच ती विघ्नं: लक्षणावरून कारण कसं ओळखायचं

डीव्हीडीतला आवाज एमपी३ करून घ्यायचा, तर एका बटणात सगळं उरकणारी सॉफ्टवेअरं ढिगाने मिळतात. डिस्क टाकली, बटण दाबलं की बाहेर काहीतरी येतंच. ते कधी पुटपुटल्यासारखं बारीक असतं, कधी नुसती खरखर असते, तर कधी गायक गायब आणि मागचा वाद्यमेळ तेवढा शिल्लक. मग सॉफ्टवेअर बदललं जातं, दुसऱ्यातही तेच होतं, आणि शेवटी खापर डिस्कवर फुटतं.

त्या एका बटणामागे पाच कामं असतात: डिस्क वाचणं, हवा तो ट्रॅक निवडणं, तो डिकोड करणं (दाबून साठवलेला आवाज उलगडणं), चॅनल मिसळून स्टिरिओ करणं आणि नव्या फॉरमॅटमध्ये एन्कोड करणं (पुन्हा दाबून बांधणं). बिघाड बहुतेक वेळा यातल्या एकाच कामात असतो, पण आपल्या हाती पडते ती शेवटची फाइल, त्यामुळे नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही. म्हणून काम मधोमध तोडा. आधी डिस्कवरचा ट्रॅक जसाच्या तसा, काहीही न बदलता, हार्ड डिस्कवर घ्या आणि ऐका. तो नीट असेल तरच रूपांतराकडे वळा. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका विभागणीवर उभं आहे.

‘ऑडिओ_टीएस’ फोल्डर रिकामा आहे, आवाज गेला कुठे?

कुठेही गेलेला नाही. तो फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी आहे. चित्रपटाच्या किंवा मैफलीच्या साध्या डीव्हीडीवर तो रिकामाच असतो, किंवा नसतोच. चित्र, आवाज, सबटायटल असं सगळं ‘व्हिडिओ_टीएस’मधल्या व्हीओबी फाइलींमध्ये एकत्र गुंफलेलं असतं. एक व्हीओबी फाइल १ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून मोठा कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत दिसतो. नावाच्या शेवटी शून्य असलेली व्हीओबी म्हणजे मेनू. खरा मजकूर एकपासून पुढे. सोबतच्या आयएफओ फाइली म्हणजे कुठे काय आहे याची अनुक्रमणिका आणि बीयूपी म्हणजे तिची राखीव प्रत. ‘या बारीक फाइली कशाला’ म्हणून त्या मागे सोडू नका. प्रकरणांची हद्द आणि ट्रॅकची भाषा त्यातच लिहिलेली असते.

व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी फाइली मिळतील. रेकॉर्डरवर घरी उतरवलेल्या काही डिस्कवर ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ आणि त्यात व्हीआरओ फाइल असते. आणि डिस्क रेकॉर्डरमध्ये चालते पण संगणकाला कोरी वाटते, असं असेल तर ती फायनलाइझ केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून रेकॉर्डिंग बंद करण्याचं शेवटचं काम राहिलंय. शक्यतो त्याच रेकॉर्डरमध्ये परत घालून ते काम आधी पुरं करा.

विकतच्या बहुतेक डिस्कवर सीएसएस नावाचं सांकेतिक कुलूप असतं. डिस्क स्वतःची असली तरी ते उघडायला काही देशांत कायद्याने मनाई आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम बघून घ्या. इथून पुढे मी गृहीत धरतो की डिस्क तुमची आहे आणि प्रत काढायला हरकत नाही.

जसाच्या तसा ट्रॅक कसा काढायचा

मला भरवशाचा वाटलेला मार्ग असा: मेकएमकेव्हीने हवं ते टायटल एमकेव्ही फाइलमध्ये घ्यायचं, ती फाइल एमकेव्हीटूलनिक्समध्ये उघडायची, चित्र आणि सबटायटलच्या खुणा काढून फक्त ऑडिओ ठेवायचा, आणि एमकेए म्हणून जतन करायचं. यात आवाजाचा एकही बिट बदलत नाही. एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) हाताशी असेल तर ऑडिओ कोडेकच्या जागी ‘कॉपी’ आणि चित्र वगळण्याचा पर्याय दिला की तेच होतं. हँडब्रेककडे मात्र जाऊ नका. ते चांगलं आहे, पण चित्राविना नुसता आवाज ते देत नाही.

मेकएमकेव्हीची एक खोड: दोन मिनिटांपेक्षा छोटी टायटलं ते मुळात दाखवतच नाही. गाण्यांच्या डिस्कवर प्रत्येक गाणं वेगळं टायटल असेल तर छोटी गाणी यादीतून गळतात आणि माणूस डिस्क पुसत बसतो. सेटिंगमध्ये किमान लांबी १२० सेकंद लिहिलेली आहे, ती १० करा.

व्हीएलसीनेही काम होतं, पण डिस्क उघडताना ‘मेनू नको’ ही खूण करा आणि टायटलचा क्रमांक द्या. नाहीतर ते मेनूत अडकतं आणि तीस सेकंदांचं मेनूचं संगीत पुन्हापुन्हा रेकॉर्ड करून देतं. हे इतक्या वेळा विचारलं जातं की त्याला स्वतंत्र मथळा द्यायला हवा होता.

भलताच ट्रॅक आला

एका डीव्हीडीवर आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक असू शकतात: मूळ भाषा, डबिंग, दिग्दर्शकाची टिप्पणी, तोच आवाज स्टिरिओत आणि तोच सहा चॅनलमध्ये. मेनूतला क्रम आणि फाइलीतला क्रम सारखाच असेल असं नाही. व्हीओबी थेट उघडली तर सॉफ्टवेअर ट्रॅक ज्या क्रमाने भेटतील त्या क्रमाने मोजतं. एखादा ट्रॅक सुरुवातीला मुका असेल किंवा उशिरा सुरू होत असेल तर तो यादीत येतही नाही. एफएफएमपेगमध्ये प्रोबसाइझ आणि अ‍ॅनलाइझड्युरेशन हे दोन आकडे भरपूर वाढवले की तो दिसू लागतो. आयएफओ वाचणारं सॉफ्टवेअर वापरलं तर हा प्रश्न बहुधा येत नाही, कारण भाषेची नोंद तिथे असते.

गाण्यांच्या डिस्कवर स्टिरिओ आणि सहा चॅनल असे दोन्ही ट्रॅक असतील तर एमपी३साठी स्टिरिओच घ्या. तो मिसळायला स्टुडिओत कोणीतरी कान लावून बसलेलं असतं. आपण सहाचे दोन करतो ते एका ठरावीक सूत्राने. त्यातही तो स्टिरिओ एलपीसीएम असेल तर सोन्याहून पिवळं. तो कॉम्प्रेस केलेला नसतोच.

वाद्यं ऐकू येतात, गायक नाही

हा सहा चॅनलचा घोळ. ५.१ मध्ये समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, मागचे दोन आणि खर्जासाठी एक असे सहा आवाज असतात. संवाद आणि बहुतेकदा मुख्य गायक मधल्या चॅनलमध्ये असतो. सॉफ्टवेअरने पहिले दोन चॅनल उचलून ‘झालं स्टिरिओ’ म्हटलं की गायक बाहेर राहतो. कॅराओकेसाठी उत्तम, एरवी निरुपयोगी.

उपाय म्हणजे ‘पहिले दोन चॅनल’ सोडून ‘डाउनमिक्स’ हा पर्याय निवडणं. रूढ सूत्रात डावा आणि उजवा पूर्ण घेतात, मधला ३ डेसिबल कमी करून दोन्हीकडे वाटतात, मागचे ३ डेसिबल कमी करून आपापल्या बाजूला टाकतात आणि खर्जाचा चॅनल सोडून देतात.

ऑडॅसिटीत याच्या उलट गंमत होते. ५.१ फाइल आत घेतली की सहा वेगवेगळे मोनो ट्रॅक दिसतात, आणि प्रत्येक मोनो ट्रॅक मधोमध वाजतो. तसंच निर्यात केलं तर सगळं एकमेकांवर चढून मोनोसारखं आणि फाटलेलं ऐकू येतं. तिथे पॅनची पट्टी हाताने सरकवावी लागते: पहिला पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, तिसरा मध्ये, चौथा म्यूट, पाचवा डावीकडे, सहावा उजवीकडे, तिसरा, पाचवा, सहावा ३ डेसिबलने खाली. ट्रॅकचा क्रम आधी सोलो वाजवून तपासा. डॉल्बी डिजिटलमध्ये (डीव्हीडीवर आवाज दाबून साठवण्याची नेहमीची पद्धत) मधला चॅनल दुसऱ्या स्थानावर असतो आणि वेव्ह फाइलीत तिसऱ्या, त्यामुळे एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने क्रम न बदलता दिला तर गायक उजव्या कानात जाऊन बसतो.

आवाज फार बारीक येतो

सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार हीच, आणि तिची कारणं एकावर एक चढलेली असतात.

पहिलं कारण डॉल्बी डिजिटलमध्येच आहे. त्या ट्रॅकमध्ये संवादांची सरासरी पातळी लिहिलेली असते, आणि डिकोडर तिच्यानुसार आवाज खाली आणतो, म्हणजे एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्ककडे जाताना प्रेक्षकाला रिमोट शोधावा लागू नये. तिथे उणे ३१ लिहिलं असेल तर काही कमी होत नाही. उणे २७ असेल तर ४ डेसिबल जातात. दुसरं कारण वर सांगितलेलं मिश्रण. एक पूर्ण चॅनल अधिक ०.७ पट मधला अधिक ०.७ पट मागचा, अशी बेरीज २.४ च्या आसपास जाते. आवाज फाटू नये म्हणून बरीच सॉफ्टवेअरं ती बेरीज परत १ वर आणतात, म्हणजे साडेसात डेसिबलच्या वर घट. तिसरं कारण म्हणजे चित्रपटाचा आवाज मुळातच स्फोटांसाठी वर जागा ठेवून बनवलेला असतो, तर गाण्यांच्या सीडी छतापर्यंत भरलेल्या असतात. या तिघांची बेरीज झाली की तुमची फाइल शेजारच्या एमपी३पुढे कुजबुजल्यासारखी वाटणारच.

एमपी३ झाल्यावर आवाज वाढवत बसू नका. डिकोड करून वेव्ह किंवा फ्लॅक (दर्जा न गमावता आकार कमी करणारा फॉरमॅट) केलेल्या फाइलीवर पीक नॉर्मलायझेशन लावा, सगळ्यात उंच टोक शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवा आणि मग एन्कोड करा. एकाच मैफलीतली सगळी गाणी असतील तर प्रत्येक गाणं वेगळं नॉर्मलाइझ करू नका; संथ आलाप आणि द्रुत बंदिश एकाच उंचीवर येऊन बसतात आणि मैफलीचा चढ नाहीसा होतो. पूर्ण कार्यक्रमाला एकच वाढ द्या. किंवा फाइल तशीच ठेवून रिप्लेगेनचा (किती जोरात वाजवायचं याची फाइलीतली नोंद) अल्बम टॅग लावा; तो वाचणारा प्लेअर असेल तर मूळ आवाजाला हात न लावता काम होतं.

आवाज बारीक नाही पण दबल्यासारखा वाटतो, जोरकस जागा सपाट होतात, असं असेल तर डिकोडरचं डायनॅमिक रेंज कम्प्रेशन चालू आहे. एफएफएमपेगमध्ये डॉल्बीसाठी ते आपोआप लागतं; ‘डीआरसी स्केल’ शून्य केलं की थांबतं. व्हीएलसीच्या ऑडिओ कोडेकच्या सेटिंगमध्येही त्याची खूण आहे. रात्री हळू आवाजात चित्रपट बघणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली ती तजवीज संगीतासाठी बंदच हवी.

नुसती खरखर, मुसळधार पाऊस पडल्यासारखी

हेडफोन लावले असतील तर आधी काढा. ही खरखर पूर्ण जोरात येते.

दोन शक्यता. डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) किंवा डॉल्बीचा ट्रॅक ‘वेव्ह’ असं नाव देऊन साठवला गेला आणि प्लेअर त्यातल्या कॉम्प्रेस केलेल्या आकड्यांनाच आवाज समजून वाजवतोय. फाइल खराब नाही. एक्स्टेन्शन बदलून किंवा एफएफएमपेगला खरा फॉरमॅट सांगून डिकोड करा. दुसरी शक्यता एलपीसीएमची. डीव्हीडीवर त्याचे बाइट उलट्या क्रमाने, म्हणजे मोठा आधी असे असतात आणि वेव्हमध्ये छोटा आधी. कच्चा डेटा उचलून ऑडॅसिटीत ‘रॉ’ म्हणून घेतला आणि क्रम चुकला की पाऊस सुरू. १६ बिटचा असेल तर ‘बिग एंडियन’ निवडा. २४ बिटचा असेल तर नुसता क्रम उलटवून भागत नाही, त्याची मांडणी डीव्हीडीवर वेगळीच असते. तिथे कच्च्या डेटाचा नाद सोडा आणि एफएफएमपेगकडूनच डिकोड करून घ्या.

सूर उतरलाय, किंवा चढलाय

डीव्हीडीचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो (एलपीसीएम कधीकधी ९६ चा), ऑडिओ सीडी आणि व्हीसीडीचा ४४.१ चा. ४८ चा कच्चा डेटा ४४.१ समजून वाजवला तर चार मिनिटांचं गाणं साधारण २१ सेकंदांनी लांबतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). पेटीच्या भाषेत, काळी एकचं गाणं घसरून पांढरी एक आणि तिच्याखालची पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी अडकतं. लांबी आणि सूर दोन्ही एकाच प्रमाणात बदललेत का, एवढं बघा. बदलले असतील तर सॅम्पल रेटचा, म्हणजे वरच्या किलोहर्ट्झचा, आकडा चुकलाय. नव्याने रूपांतर न करता तो आकडा दुरुस्त करा.

सूर एका अर्धस्वराहून थोडा कमी चढलेला असेल तर मात्र दोष तुमचा नाही. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ ने चालवतात. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाणीही तेवढीच वर चढतात. काही डिस्कवर सूर आधीच सुधारलेला असतो, म्हणून आधी मूळ गाण्याशी ताडून बघा. चढलेलाच असेल तर वेग ४ टक्क्यांनी कमी करा, म्हणजे लांबी आणि सूर दोन्ही जागेवर येतात. थेट २५ चौकटींनी चित्रित केलेल्या मैफलीला हे लावू नका.

आणि एमपी३ला ४८ किलोहर्ट्झ चालतं. ऑडिओ सीडी बनवायची नसेल तर ४४.१ करायची गरज नाही.

गाणं मध्येच तुटतं, लांबी भलतीच दिसते

व्हीओबीचे १ जीबीचे तुकडे गाण्याच्या हद्दीवर पडत नाहीत, कुठेही पडतात. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित करून मग जोडला तर सांध्यावर खट असा आवाज येतो. तुकडे आधी जोडा, मग आवाज काढा. त्यातही डिस्कवर वेळेचे शिक्के मध्येच शून्यावर येऊ शकतात, म्हणून दीड तासाची फाइल प्लेअरला बारा मिनिटांची वाटते. टायटलनुसार वाचणारं सॉफ्टवेअर हे शिक्के सलग करून देतं. मेकएमकेव्हीचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

वेव्ह फाइलीची मर्यादा ४ जीबी. सहा चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या हिशेबाने ती सुमारे ८३ मिनिटांत भरते, आणि लांब मैफलीचा शेवट नेमका तिथे कापला जातो. मधली प्रत फ्लॅकमध्ये ठेवली की हा प्रश्न राहत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर तिथेही तीच ४ जीबीची भिंत आहे.

एमपी३ची लांबी चुकीची दिसते आणि पुढे ढकललं की भलतीकडे जातं, तर ती व्हीबीआर (किलोबिटचा आकडा जागोजागी बदलणारी) फाइल आहे आणि तिचं सुरुवातीचं शीर्ष लिहिलं गेलेलं नाही. फूबार२००० मधून ते दुरुस्त करता येतं.

टकटक, अडखळणं, दर वेळी वेगळ्या जागी

इथे एक साधी परीक्षा आहे. तोच ट्रॅक दोनदा काढा. दोष दोन्ही वेळा त्याच सेकंदाला असेल तर डिस्कवर ओरखडा आहे किंवा मूळ ध्वनिमुद्रणातच तो आवाज आहे. जागा बदलत असेल तर ड्राइव्ह, केबल किंवा यूएसबी हबकडे बघा.

डिस्क मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला वाचता न आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, हे नेहमीचं आहे. स्वतः उतरवलेली, बिनकुलपाची डिस्क असेल तर डीडीरेस्क्यूने तिची इमेज करा. ते सोपा भाग आधी वाचतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि पुढच्या फेरीत फक्त तेवढ्याच जागांवर जोर लावतं. तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे जाता येतं. व्हीसीडी जास्त लवकर अडखळते, कारण चित्रफितीच्या सेक्टरमध्ये जागा वाचवण्यासाठी चूकदुरुस्तीचा एक थर काढून टाकलेला असतो.

रीजनची (डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे याची) सूचना आली तर पटकन ‘हो’ म्हणू नका. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा तिथेच राहतो.

गाणी वेगळी केली की मध्ये खंड पडतो

एमपी३ ठरावीक चौकटींत बांधलेला असतो: एका चौकटीत ११५२ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंद. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो, आणि टाळ्यांतून पुढचं गाणं सुरू होणाऱ्या मैफलीत ती लगेच कळते. म्हणून मोठा एमपी३ करून मग कापू नका. फ्लॅकमध्ये प्रकरणांनुसार तुकडे करा, मग प्रत्येकाचं एन्कोडिंग करा. लेम एन्कोडर शांततेची मोजमापं फाइलीत लिहून ठेवतो आणि समंजस प्लेअर तेवढा भाग वगळतो. प्लेअर समंजस नसेल तर फ्लॅकच वाजवा.

एमकेव्हीटूलनिक्समध्ये ‘प्रकरणांच्या आधी तोडा’ हा पर्याय आहे. मूळ डॉल्बीची चौकट ३२ मिलिसेकंदांची, तेव्हा तिथली कात्री तेवढी मागेपुढे होणारच.

किती किलोबिट?

डीव्हीडीवरचा डॉल्बी जास्तीत जास्त ४४८ किलोबिटचा. स्टिरिओ ट्रॅक अनेकदा १९२ चा. त्याचा ३२० चा एमपी३ केला तर दर्जा वाढत नाही, पण दुसऱ्यांदा कॉम्प्रेस करताना होणारं नुकसान कमी राहतं. लेमच्या व्हीबीआरची ‘व्ही २’ पातळी मला पुरेशी वाटते. जागेची चणचण नसेल तर मूळ एमकेए जपून ठेवा. ४४८ किलोबिटने दोन तास म्हणजे जेमतेम ४०० एमबी. उद्या एएसी किंवा ओपस हवं झालं तर त्यातूनच काढा, एमपी३तून नको. एलपीसीएम असेल तर मूळ प्रत म्हणून फ्लॅक ठेवा.

ऑडॅसिटीसाठी लेम वेगळं उतरवायला सांगणारे जुने लेख अजून फिरतात. एमपी३ची पेटंटं २०१७ पर्यंत संपली. आता ते सोबतच येतं.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

डिस्कवर गाण्यांची नावं मजकूर म्हणून क्वचितच असतात. ती हाताने भरावी लागतात. देवनागरीत भरली आणि प्लेअरवर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर आधी टॅगचा प्रकार बघा. आयडी३ची (एमपी३मध्ये नावं साठवण्याची पद्धत) पहिली आवृत्ती ३० अक्षरांची आणि रोमन लिपीपुरती. ती लिहूच नका. २.४ आवृत्तीत यूटीएफ-८ आहे, पण बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत. २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली की संगणक, फोन आणि बहुतेक गाड्यांचे प्लेअर नावं नीट दाखवतात. एवढं करूनही चौकोनच आले तर त्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नाही. अशा यंत्रासाठी फाइलींची वेगळी प्रत काढून तिच्यात रोमन नावं भरा, आणि क्रम बिघडू नये म्हणून फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घाला. नुसते १, २ घातले तर काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात.